तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकं स्कॅन झाली, मग कॅमेरा कशाला?

"बेने इस्राएलांची जुनी हिब्रू-मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवा की, त्यासाठी माहितीपट कशाला?" बेने इस्राएल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज; त्यांच्यावर माहितीपट करताना हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्यांना मुंबईत १८४६ साली छापलेली हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, ठाऊक असते. १८७४च्या पुण्याच्या हगादेतल्या साडी नेसलेल्या बायकांचं चित्र त्यांनी पाहिलेलं असतं, आणि हिब्रू प्रार्थना मराठीत आणणाऱ्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांचं नाव तर तेच मला सांगतात. तेव्हा ते सगळं सोडून उत्तराकडे येतो.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही, ते मीही करतो. पण ते वाटतं तितकं सोपं नाही. हिब्रूत स्वर म्हणजे बहुतेक अक्षराखालचे ठिपके आणि बारीक रेघा. शिळाछापाच्या पानावर असा ठिपका कुठला आणि कागदावरचा डाग कुठला, हे कळायला ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके) तरी लागतं, आणि मूळ प्रत तपशील गाळणाऱ्या जेपीजीत नव्हे, सगळा तपशील राखणाऱ्या टिफमध्येच ठेवावी लागते. ए-फोर मापाचं एक रंगीत पान मग ४६ एमबीच्या आसपास जातं. पुस्तक सपाट उघडलं की शिवण सुटते, म्हणून ते व्ही आकाराच्या आधारावर, शंभरेक अंशांतच उघडायचं. फाटक्या कडांना सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते सोडवताना शाईसुद्धा निघते. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करताना हिब्रू उजवीकडून आणि मराठी डावीकडून वाचायची असते. दोन्ही एका ओळीत आल्या की शब्दांचा क्रम बिघडतो. त्यासाठी प्रत्येक पानावर भाषावार चौकटी आधी हाताने आखून घ्याव्या लागतात.

एवढं करूनही पान गात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलांनी कीर्तन आपलंसं केलं आणि बायबलमधली आख्यानं मराठी पदांत बांधली. अशा पदांवर "चाल" म्हणून त्या काळी सर्वांना येणाऱ्या एखाद्या गाण्याचे दोन-तीन शब्द दिलेले असतात. ते गाणंच आज कुणाला येत नसेल, तर त्या दोन-तीन शब्दांचा उपयोग काय?

ठाण्यातल्या एका घरात कापडात बांधलेलं गाठोडं होतं: कव्हर गेलेली प्रार्थनेची पुस्तकं आणि कीर्तनाची एक हस्तलिखित वही, मराठी पदं आणि मधेमधे हिब्रू ओळी. देवाचं नाव असलेलं जीर्ण लिखाण रद्दीत टाकायचं नसतं, ते दफनभूमीत मानाने पुरतात. घरच्या आजोबांनी तेच ठरवलं होतं. मी म्हटलं, "आधी फोटो तरी काढू द्या, एक दुपार पुरेल." आजोबा म्हणाले, "बाळ, तुला त्यात जुना कागद दिसतो. आम्हाला त्यात नाव दिसतं." मग प्रती कुठे जातील, कोण बघेल, छापून फेकल्या तर काय, असं त्यांनी एकेक विचारलं. प्रत एकदा बाहेर गेली की पुढची हमी कोण देणार? मला देता आली नाही. वही पुरली गेली.

त्याआधी त्यांच्या बहिणीने त्या वहीतलं एक पद कॅमेऱ्यासमोर म्हटलं होतं, तेवढंच आज आहे. ती गाते तेव्हा बोट ओळीखालून सरकतं. हिब्रू शब्दावर बोट थांबतं, आवाज लांबतो आणि पुढची दोन अक्षरं एका मात्रेत उरकतात. एक ओळ ती गाळते, कारण ती म्हणायचीच नसते, असं मान हलवून सांगते. यातलं काय स्कॅनमध्ये आलं असतं? नुसत्या ध्वनिमुद्रणात तरी ते बोट कुठून दिसणार?

जीर्ण वही पुरणं म्हणजे ती नष्ट करणं, असं मी पूर्वी भांडून सांगायचो. आज तसं ठामपणे म्हणवत नाही. त्या घराने ती वही कोकणातल्या दमटपणातून, कसरीतून, घरं बदलताना सांभाळली; माझ्या हार्ड डिस्कचा तेवढा भरवसा मी देत नाही. तरीही एक दुपार मिळायला हवी होती, असं मला वाटतंच. यातलं कुठलंच मत मला सोडवत नाही.

तुमच्या घरात अशी वही असेल तर गाणाऱ्या माणसाकडे आधी जा, कागदाचं नंतर. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाच्या दिवशी नको, आडदिवशी जा. पंखा बंद करा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि ऑटो-गेन (आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) बंद करा, नाहीतर आवाज खाली आला की मागची घरघर वर येते. कॅमेरा खांद्यामागून लावा: वही आणि बोट दोन्ही चौकटीत हवीत. पद दोनदा म्हणवून घ्या, आणि दुसऱ्यांदा मधे थांबून "ही चाल कुणाकडून आली?" हे विचारा.