विजयदुर्गला जायचं तर गगनबावड्यावरूनच

कोल्हापूरची बरीच मंडळी मालवणच्या सहलीत विजयदुर्गला तास-दोन तासांत उरकतात. कृपा करून तसं करू नका. बारावं शतक संपता संपता पन्हाळ्याच्या शिलाहार घराण्यातल्या राजा दुसऱ्या भोजाने हा किल्ला बांधला, असं मानतात. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा गगनगडही त्याच्याच काळातला म्हणतात. मध्ये वाघोटन खाडीवर खारेपाटण ही शिलाहारकालीन पेठ. बंदर, खाडी, पेठ, घाट ही सगळी साखळी एका दिवसात पाहता येते.

म्हणून पहाटे निघा आणि आधी गगनगड चढा. घाट उतरण्यापूर्वी गगनबावड्यात चौकशी करा. करूळ घाट दरडीमुळे किंवा कामामुळे बंद असला तर भुईबावड्याने उतरता येतं. एकूण अंतर साधारण दीडशे किलोमीटर, पण घाटामुळे वेळ जास्तच धरा.

विजयदुर्गाचा दरवाजा समोरून दिसतच नाही. बुरुजाला वळसा घालावा लागतो आणि तेवढ्यात आपण वरच्या तटाच्या माऱ्यात आलेलो असतो. एकामागे एक अशी तिहेरी तटबंदी आहे. मी सर्वात जास्त वेळ थांबलो तो खाडीच्या बाजूच्या तटावर. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या तोफांनी याच पाण्यात, तेव्हा किल्ला ताब्यात असलेल्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. स्वराज्याचं आरमार आपल्याच पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने बुडवलं, हे तिथे उभं राहून आठवलं की फार लागतं. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांनी इथूनच आरमार सांभाळलं.

तटाचा पाया पाहायचा तर ओहोटी गाठा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात खाली जातं आणि ओहोटी साधारण सकाळी व संध्याकाळी असते, म्हणजे दुपारी पोचून संध्याकाळी खाली उतरणं जमतं. जांभ्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, तेव्हा चप्पल नको, बूट घाला. तटावर सावली कमी. टोपी आणि भरपूर पाणी हवंच. मासे खायचे असतील तर किल्ल्यात शिरण्याआधीच खानावळीत सांगून ठेवा.

दुसरा दिवस मिळाला तर गिर्ये गावचं रामेश्वर मंदिर आणि खाडीकाठी खडकात खोदलेली आरमारी गोदी पाहा. गोदीची वाट गावातल्या माणसालाच विचारा.