नॉबवरचं १८० आणि आतलं १८०

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बेकरी नाही. त्यामुळे जुना ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, जपून वापरत आले; केक, नानकटाई सगळं त्यातच. गेल्या दिवाळीआधी मात्र नानकटाई फुलायच्या ऐवजी पसरायला लागली. वरून पांढरीफटक, मधे कच्ची. सासूबाईंनी तुपाला बोल लावला. त्यांचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात बिनचूक भाजतात, त्यामुळे विजेच्या वस्तूंबद्दल त्यांचं मत काय असणार ते ठरलेलंच!

तूप नेहमीचंच होतं. ओव्हन कमी तापला की पीठ धरायच्या आधीच तूप वितळतं आणि नानकटाई बसते. थर्मामीटर हाताशी नव्हता, म्हणून आधी साखर लावून पाहिली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फार वेळ ठेवली तर थोडी आधीही. नॉब २०० वर ठेवून वीसेक मिनिटं वाट पाहिली, तरी वाटीतले दाणे कोरडे ठणठणीत.

मग नागपूरहून ओव्हनमध्ये ठेवायचा डायलचा थर्मामीटर मागवला. तो मधल्या जाळीवर ठेवायचा आणि दार न उघडता काचेतून टॉर्च मारून वाचायचा. रॉडला वीज चालू असताना लागणारा लाल दिवा पहिल्यांदा विझला की लगेच आकडा धरू नये. दिवा दोन-चारदा लागू-विझू द्यावा, वरचा आणि खालचा आकडा पाहून मधला घ्यावा. धड ओव्हनही दहा-पंधरा अंश वरखाली होतोच. माझा मात्र १८० वर लावला तर १४० च्या आसपास घुटमळत होता.

दिव्यावर नजर ठेवली की निम्मं कोडं सुटतं. आत पुरेसं तापलेलं नसताना दिवा विझत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, बघा. दिवा लागलेलाच राहतो आणि तरी तापत नाही, तर रॉड गेलाय किंवा व्होल्टेज पडलंय. माझ्याकडे दुपारी पहिला प्रकार दिसायचा आणि संध्याकाळी दुसरा, म्हणून तर इतका घोळ.

पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतो. "काकू, आंधी प्लग काढा, मंग बोला," म्हणत त्याने ओव्हन थंड होऊ दिला आणि बाजूचा पत्रा उघडला. थर्मोस्टॅटपासून तांब्याची दोऱ्यासारखी नळी आत जाते, तिच्या टोकाला द्रव भरलेली छोटी कुपी असते. कुपी तापली की द्रव फुगतो आणि कॉन्टॅक्ट तोडतो. आमची कुपी क्लिपमधून निसटून वरच्या रॉडकडे झुकली होती. "हे पाहा, रॉडची आच हिले लागते, अन् हिले वाटते सारा ओव्हनच तापला." त्याने ती हळूच क्लिपमध्ये बसवली. नळी मुरगळायची नाही. द्रव गळून गेला तर कॉन्टॅक्ट तुटतच नाही आणि ओव्हन बेफाम तापत जातो.

दुपारच्या मापात आता फरक दहा अंशांवर आला. तेवढ्यासाठी थर्मोस्टॅटचा स्क्रू छेडायला मी नको म्हटलं. नॉबवर खऱ्या १८० च्या जागी नेलपेंटचा ठिपका दिला, झालं.

संध्याकाळचं दुखणं वेगळंच. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंपांचा लोड येतो. मल्टिमीटर लावला तर २३० ऐवजी १७० व्होल्ट. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे १३०० वॅटचा ओव्हन जेमतेम ७०० वॅटचा उरतो. रिकामा असताना तो रडतखडत तापतो, पण ट्रे ठेवायला दार उघडलं की पडलेलं तापमान लवकर सावरत नाही. एवढा लोड पेलणारा स्टॅबिलायझर घ्यायचा तर त्यात नवा ओव्हन येईल, म्हणून तो विचार सोडला. नानकटाई आता दुपारी, पंप बंद असताना करते. दाराची स्प्रिंग ढिली झालीय आणि उजव्या फटीतून वाफ येते. ती बदलेपर्यंत अर्धा वेळ झाला की ट्रे फिरवून घेते.