ताईंचा आवाज, पण ताईंनी न वाचलेलं

कॉपीराइटची मॅटर्स रोज बघतो पण हे एक डोक्यातून जात नाहीये, क्लायंटला विचारूनच लिहितोय, नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

व्हॉइस आर्टिस्ट आहेत ताई, पुण्यातल्या, निवेदन, डबिंग, ऑडिओबुक्स यावरच घर चालवलेलं. ऑफिसात आल्या आणि मोबाईलवर एका कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात लावली. आवाज त्यांचाच, वाक्याआधी घेतलेला श्वाससुद्धा त्यांचाच. म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे मी वाचलेलंच नाही." परत ऐकली तेव्हा कळलं, "चांगला" मधला च चहातल्या च सारखा म्हटलाय. "असा च मी झोपेतही म्हणणार नाही, आणि लोक म्हणणार बाईंचे उच्चार बिघडले." पैशापेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, त्यांचं नाव त्या उच्चारांवरच उभं आहे.

मग कागद काढले. 2015 चं ॲग्रीमेंट, एका ऑडिओबुकवाल्या कंपनीचं. त्यात एक ओळ, की रेकॉर्डिंगचे सगळे हक्क कंपनीचे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या माध्यमांत. कंपनीने तीच रेकॉर्डिंग्ज एआय आवाज बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला दिली आणि तिथून आवाज जाहिरातीत गेला. ताईंना वाटत होतं सही केली म्हणजे सगळं गेलं.

तसं नाहीये. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 18 मध्ये एक परंतुक, म्हणजे अट, आलंय, हक्क लिहून देताना जो वापर अस्तित्वातच नव्हता किंवा धंद्यात आलेला नव्हता त्याला ते हस्तांतरण लागू होत नाही, त्या वापराचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतं. आणि 39अ मुळे हेच कलम कलाकाराच्या हक्कांनाही लागतं. "पुढे येणारी सगळी माध्यमं" हा स्पष्ट उल्लेख आहे का? मी म्हणतो नाही, समोरचा वकील हो म्हणणार, खरी लढाई तिथेच. शिवाय 38ब आहे, सादरीकरणाची मोडतोड होऊन कलाकाराच्या लौकिकाला धक्का बसत असेल तर तो कलाकार अडवू शकतो, त्या च साठी मला हे कलम फार मोलाचं वाटतं.

पण अडचण मोठी आहे. कायदा ताईंनी जे वाचलं त्याला संरक्षण देतो, नुसत्या आवाजाला नाही, आणि मशीन तर नवीन वाक्यं बोलतंय, मग हा त्यांच्या सादरीकरणातला बदल म्हणायचा की वेगळंच काही? रेकॉर्डिंग कॉपी करून मॉडेलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या एआय प्रोग्रामला, शिकवलं तिथे आम्ही 38अ, म्हणजे आपल्या सादरीकरणाच्या कॉपीवरचा कलाकाराचा हक्क, लावू शकतो, पण शिकवण्यासाठी कॉपी करणं हे उल्लंघन आहे का हाच प्रश्न 2024 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली हायकोर्टात नेलाय. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलेला अंतरिम मनाई दिली, ताईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा खुलला, पण तिथे भर होता सेलिब्रिटीच्या व्यक्तिमत्त्व हक्कावर, म्हणजे प्रसिद्ध माणसाचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय वापरता येत नाही यावर. ताईंना आवाजावरून हजारो लोक ओळखतात, नावावरून कुणी नाही. सगळ्या डबिंगवाल्यांचं हेच आहे आणि याचा मला मनापासून राग येतो, ज्याला प्रसिद्धी मिळाली नाही त्याचा आवाज काय बेवारस असतो का?

दुपार पुराव्यातच गेली. जाहिरात, तिची लिंक, तारीख, सगळं सेव्ह केलं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं डिजिटल पुराव्याचं सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट, लागतं त्याची तयारी केली, नाहीतर उद्या जाहिरात उतरली की कोर्टात दाखवायला हातात काही नाही. आणि तसंच झालं, नोटीस गेल्यावर जाहिरात लगेच उतरली. एआयवाली कंपनी मात्र म्हणते आवाज आम्ही रीतसर विकत घेतलाय, मॉडेल आमचंच राहणार.

त्यामुळे आता दावा. ही एआयवाली कंपनी बेंगळुरूची असली तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे ताई राहतात तिथे, म्हणजे पुण्यातच लावतोय. मागण्या लिहून झाल्यात, ते मॉडेल कुणालाही विकू नये, आत्तापर्यंत त्यातून आलेल्या पैशाचा हिशेब द्यावा, आणि ती जाहिरात ताईंनी वाचलेली नाही हे कंपनीने जाहीर करावं. तिसरी मागणी ताईंनीच घालायला लावली, आणि सेटलमेंटची बोलणी झालीच तरी ही सोडायची नाही असं बजावलंय.