कराचीचा व्हिडिओ आणि आमच्या शाळेचं फाटक

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळी एकापाठोपाठ तीन गोष्टी येऊन पडल्या. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, असा व्हिडिओ. त्याखाली आमच्याच शाळेच्या फाटकासमोर काढलेला फोटो: भगव्या फेट्यातला एक माणूस, शेजारी एक बाई, आणि दोघांनी हाताला धरलेली मुलगी. मग एक आवाज: "ही टोळी आपल्या भागात आलीया, दोन पोरं गेली, शाळेपाशी टेहळणी चाललीया. दिसली की सोडू नका."

फोटोतली मुलगी माझ्या वर्गातली. हाताला धरणारे तिचे आईवडील. नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातलं हे कुटुंब पावसाळा सरला की आमच्या गावाबाहेरच्या माळावर पाल टाकतं आणि मुलगी शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांची शाळा चुकू नये म्हणून मिळणाऱ्या कार्डावर, आमच्या जिल्हा परिषद शाळेत बसते. शाळा सुटल्यावर लेकीला न्यायला आलेल्या माणसांचा तो फोटो होता.

"दिसली की सोडू नका" ऐकलं आणि मला राईनपाडा आठवलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवारचा आठवडी बाजार. याच समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला त्या बाजारात गेली होती. त्यांची पालं पिंपळनेरला होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठार केलं. त्याच्या आधीही त्या भागात मोबाइलवरून अशाच अफवा फिरत होत्या. २०२२ च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. आमच्याकडे बाजार दुसऱ्याच दिवशी होता.

म्हणून पहिला फोन मुलीच्या वडिलांना केला. "दादा, उद्या कुणी फेरीला निघू नका, पालावरच थांबा." दुसरा पोलीस पाटलांना. ते जेवण अर्धवट टाकून माळावर गेले आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच बसून राहिले. खरंखोटं शोधणं त्यानंतरचं. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे, कारण अशा वेळी आपण आधी ग्रुपवर वाद घालायला बसतो.

ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. चांगल्या हेतूने ते म्हणाले, "बाई, लगेच डिलीट करतो सगळं." मी थांबवलं. अ‍ॅडमिनला आता ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण ज्यांनी व्हिडिओ आधीच उतरवून घेतलाय त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो. पुरावा मात्र नक्की पुसला जातो. आधी नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, आवाजाची फाइल जपून ठेवली, आणि मगच पुसायला सांगितलं.

नीट पाहिल्यावर एक गोष्ट कळली. व्हिडिओवर दुहेरी बाण होता, म्हणजे तो अनेकदा पुढे ढकलला गेलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० पासून आहे. आवाजाच्या फाइलवर मात्र कुठलीच खूण नव्हती. याचा अर्थ ग्रुपवर पाठवणाऱ्याने एक तर तो स्वतः रेकॉर्ड केलेला, नाही तर गॅलरीतून नव्याने चढवलेला. सुरुवात जवळूनच झाली होती.

व्हिडिओचा छडा लावायला फार वेळ लागला नाही. मधली दोन चित्रं थांबवून गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकली की झालं. तो कराचीचा आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी पालकांना सावध करायला तिथल्या एका संस्थेने केलेली ती छोटी जाहिरात. शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना जागं करणारा फलक धरतात. तो शेवट कापून २०१८ मध्ये भारतभर हा तुकडा फिरवला गेला, आणि इतक्या वर्षांनी तोच आमच्या तालुक्यात पोचला होता. मी पूर्ण व्हिडिओ मिळवला. आता काम झालं, असं वाटण्याजोगी ही जागा. पण खरं काम इथून पुढचं.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न होता, "कुणाला काही झालंय का?" झालं नव्हतं. होऊ नये म्हणूनच आले होते. तोंडी सांगून काही हलेना, तेव्हा तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यात तीन गोष्टी घातल्या. अफवा पसरवून लोकांना चिथावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी आदेश दिला आहे की, जमावाचा हिंसाचार रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी असावा आणि चिथावणीखोर मेसेजवर कारवाई व्हावी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: उद्या बाजार आहे. अर्जाची प्रत जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयाला ई-मेल केली आणि हातातल्या प्रतीवर पोच घेतली. त्या आदेशाचा उल्लेख वाचल्यावर मात्र निरीक्षक साहेब स्वतः बाहेर आले, आणि सकाळी बाजारात दोन शिपाई उभे राहिले. हा आदेश कुठल्याही नागरिकाला वापरता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य तपासणी विभाग इथे उपयोगी नव्हता. तो केंद्र सरकारविषयीच्याच दाव्यांची तपासणी करतो.

आता उरली माणसं. मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं, पूर्ण व्हिडिओ टाकला. चार अंगठे आले. एका मुलाच्या आजी शाळेत येऊन म्हणाल्या, "बाई, व्हिडिओ तिकडचा असंल, पण धूर काय आगीबिगर निघतो?" मी त्यांना विचारलं, "आजी, पोर कुणाचं गेलं? नाव सांगा, गाव सांगा." त्यांनी शेजारच्या गावाचं नाव घेतलं. तिथल्या मुख्याध्यापकांना त्यांच्यासमोरच फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे म्हणतात की पोरं तुमच्या गावची गेली. आजी गप्प झाल्या आणि बाहेर कट्ट्यावर बसलेल्या बायकांना त्यांनीच सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी जोरकस शब्दांत.

तेव्हापासून मी लिहिणं थांबवलं आणि तो एकच प्रश्न गावभर फिरवला: पोर कुणाचं गेलं? निरीक्षकांनी दोन्ही गावांतून एकही मूल बेपत्ता झाल्याची नोंद नसल्याचं सांगणारा छोटा व्हिडिओ करून दिला. आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या आवाजात सांगितलं की फोटोतले पालक आमच्या शाळेचे पालक आहेत. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोन्ही ऐकवले. मग ज्या ज्या माणसाने तो मेसेज पुढे पाठवला होता, त्याच्या दारी जाऊन विनंती केली, "ज्या ग्रुपवर ते टाकलंत, तिथेच हेही टाका." किराणा दुकानदार, दूध डेअरीवाले, भजनी मंडळ. कुणाला दोषी धरायचं नाही, असं आम्ही ठरवूनच निघालो होतो. पोरांच्या काळजीपोटीच त्यांनी ते पाठवलं होतं, आणि त्याच काळजीने बहुतेकांनी नवा मेसेजही पाठवला. दोघांनी नकार दिला. एकाने अजूनही माझ्याशी बोलणं सोडलेलं आहे.

याच दारोदार फिरण्यातून, कुणाकडून आलं, त्याला कुणाकडून, असं मागे मागे जात आवाजाचा मालकही सापडला. पलीकडच्या वाडीतला एक कॉलेजचा मुलगा. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारा, असल्याने मूळ पाठवणारा तांत्रिक मार्गाने शोधणं अवघड असतं. इथे माणसांच्या साखळीने तो शोधला. पोलिसांनी त्याला बोलावून नोटीस दिली, आणि त्याने आपल्याच आवाजात चूक कबूल केली.

सर्वांत चिवट निघालं ते एका समाजमाध्यमावरचं स्थानिक बातम्यांचं पान. त्यांनी तोच फोटो 'सावधान' म्हणून टाकला होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असे; निर्णयाची ही मुदत २०२६ मध्ये सात दिवसांवर आली. 'खोटी माहिती' या सदरात केलेली तक्रार, नियमांचा भंग आढळला नाही म्हणून परत आली. मग आईवडिलांच्या सहीच्या पत्रासह 'अल्पवयीन मुलीचा फोटो परवानगीविना' अशी तक्रार केली, सोबत पोलिसांचा खुलासा जोडला. फोटो निघाला. नसता निघाला, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. तो अर्ज मी तयारच ठेवला होता.

ते कुटुंब त्या वर्षी ठरल्यापेक्षा लवकर पुढे गेलं. या हंगामात पुन्हा आलं, तेव्हा ग्रामसभेत कुणी सुचवलं की पालावरच्या सगळ्यांची नावं आधीच ठाण्यात देऊन ठेवू. मुलीचे वडील उभे राहिले. म्हणाले, "गावात पाहुणा आला, सेल्समन आला, तर त्याचं नाव ठाण्यात लिहिता का? मग आमचंच का?" इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून ठाण्यात हजेरी लावायला लावली होती, तो कायदा गेला १९५२ साली. त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं, आणि सभेत मी तसं बोलले. नावं देण्याचा विषय तिथेच सोडला. त्याऐवजी मुख्याध्यापक, पोलीस पाटील, सरपंच यांचे आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा नंबर जाड अक्षरांत छापून प्रत्येक पालावर दिले, आणि मुलीच्या वडिलांना पालकांच्या ग्रुपवर घेतलं.