तरघरला उतरून विमानतळ

नवी मुंबई विमानतळाला सर्वात जवळचं लोकल स्थानक म्हणजे तरघर. ते उरण मार्गावर, सागरसंगम आणि बामणडोंगरीच्या मध्ये आहे. सीएसएमटीहून पनवेल लोकल पकडली तर नेरुळ किंवा बेलापूरला उतरून उरण लोकल धरायची. पनवेल लोकल तरघरला जातच नाही. नेमकी इथेच गफलत होते. शिवाय उरणच्या गाड्या हार्बरसारख्या लागोपाठ नसतात, एक चुकली की विमानाचं गणित बिघडतं.

बॅगेची खरी अडचण दारात येते. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते आणि चाकं फटीत अडकतात. म्हणून बॅग ओढू नका, उचलूनच आत घ्या. पुढे टर्मिनलपर्यंत रिक्षा-टॅक्सी किंवा बस लागतेच, चालत जायचा विचार सोडा.