सात साखळ्या बारा आणे

घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या गावांत आता भात फारसं कुणी लावत नाही. बांधावरची भांडणं मात्र संपली नाहीत, उलट वाढलीच. पूर्वी बांध कोरून फार तर पायलीभर भात जास्त यायचं, आता फुटाफुटाला बिल्डर भाव देतो. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. अशाच एका गावात हद्द कायमच्या मोजणीला गेलो होतो. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही.

अर्ज नानांचा. समोर त्यांचा सख्खा पुतण्या. त्यानं खाजगी सर्व्हेअरकडून नकाशा करून घेतला होता, रंगीत रेघांचा, मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्या नकाशाच्या भरवशावर कंपाउंडची भिंतही उभी केली होती. नाना म्हणत होते, भिंत माझ्या हिश्शात वीस फूट आत आलीय.

आदल्या दिवशी मी मूळ टिपणाची नक्कल काढली. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेताची मापं टिपलेला हातनकाशा; तो प्रमाणात काढलेला नसतो. चौकोन चौकोनासारखा दिसेलच असं नाही, खरं मानायचं ते त्यावर लिहिलेल्या मापांना. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात नव्या मोजणीची घडी बसवली, १८४७ च्या जॉइंट रिपोर्टनं तिचे नियम पक्के केले, आणि पुढं ती आपल्या ठाण्याच्या खारीपर्यंत आली. त्या मोजणीची मापं साखळी-आण्यात आहेत. गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० मध्ये काढलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आपली गुंठा साखळी बरोबर तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा, रुपयाच्या आण्यांसारखे.

ज्यानं कुणी हे सोळा भाग ठरवले, त्याला शेतकऱ्याचं डोकं माहीत होतं. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आणि एक साखळी लांब, एक आणा रुंद पट्टी म्हणजे आणाभर जमीन, गुंठ्याचा सोळावा हिस्सा. सव्वातीन साखळ्या गुणिले अडीच साखळ्या, की सव्वाआठ गुंठ्यांना दोन आणे कमी. कागदसुद्धा लागत नाही. पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला हे तोंडी यायचं.

टिपणात पश्चिमेच्या दगडापासून हिश्शाच्या रेघेपर्यंत पायारेषेवरचं, म्हणजे मोजणीला पाया धरलेल्या सरळ रेघेवरचं, माप होतं ७-१२. पुतण्याच्या नकाशात तेच अंतर ७१.६२ मीटर. मीटरचा आकडा परत साखळ्यांत करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. करणाऱ्यानं ७-१२ म्हणजे सात दशांश बारा साखळ्या धरल्या होत्या. सात साखळ्या बारा आणे म्हणजे पावणेआठ साखळ्या, २५५ फूट ९ इंच, ७७.९५ मीटर. फरक दहा आण्यांचा, वीस फूट आणि वर काही इंच. पट्टा पाच साखळ्या लांब, म्हणजे पन्नास आणे जमीन. तीन गुंठे दोन आणे.

जागेवर मी स्टेशन मशीन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, लावलं, बिंदू काढला, खुंटी ठोकली. ती भिंतीपलीकडे, पुतण्याच्या बाजूला पडली. गंमत म्हणजे नानांनाच ते पटेना.

"साहेब, मना या डब्याचा काय कलत नाय. त्यो पयला पन मशीनच घेऊन आलेला. साखली वढा."

पुतण्याही म्हणाला, ओढाच. त्याला वाटत होतं, साखळीत काहीतरी गडबड निघेल.

साखळी मी मुद्दाम गाडीत टाकून नेली होती. पितळी मुठी, पोलादी तारेच्या कड्या, मध्ये छोट्या गोल रिंगा. आधी ती स्टीलच्या टेपवर ताणून सगळ्यांना दाखवली. एक इंच जास्त भरली. वापरून वापरून रिंगांची तोंडं उघडतात, साखळी लांबते. चिखल अडकला किंवा कडी वाकली की तीच आखडते. म्हणून जुने निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारे वरचे अधिकारी, रोज सकाळी आधी साखळी तपासायला लावायचे, मग चहा.

एक मूठ नानांच्या मुलाच्या हातात दिली, दुसरी पुतण्याच्या. पायारेषा नाल्याच्या काठानं जात होती आणि भिंत अजून तिथवर पोचली नव्हती, त्यामुळे सरळ ओढता आली. पुढच्यानं सुई रोवायची, मागच्यानं तिथवर येऊन ती उपटून घ्यायची. हातातल्या सुया मोजल्या की साखळ्या मोजून झाल्या. दगडावर मूठ धरून पुतण्या मागे राहिला. साखळी झोळ खाऊ नये म्हणून मी मधून चालत होतो. सातवी सुई पुतण्यानं स्वतः उपटली आणि सगळ्यांदेखत हातातल्या सुया मोजल्या. मग बारावा आणा. साखळी इंचभर लांब होती, म्हणून खूण पावणेआठ इंच मागे घेतली. मशीनच्या खुंटीत आणि तिच्यात चार बोटांचं अंतर राहिलं.

मग काटकोन साधायचा शंकू काढला. काठीवर लाकडी ठोकळा, त्याला काटकोनात दोन चिरा. एका चिरेतून पायारेषेवरची काठी दिसायला हवी, दुसरीतून काटकोनातली. नाना वाकले, डोळा लावला, आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला उभ्या केलेल्या काठीकडे बघत बाजूच्या भिंतीकडे हात केला. "यो बग. आरपार."

टिपण मी सर्वांना दाखवलं. शेजारचे एक लगतधारक हसले, "नाना, तुमच्या टिपनातपन सातबाराच हाय की!" पुतण्या हसला नाही. त्यानं विचारलं, मग माझा नकाशा करणारा मशीनवाला चुकला कसा? म्हटलं, मशीन नाही चुकलं. सांगितलेलं अंतर त्यानं बिनचूक मोजून दिलं.

खरं सांगायचं तर साखळीबद्दल मला हळवेपणा नाही. चढावर ती फसवते, उन्हात लांबते, खारीच्या चिखलात दोन माणसांचा जीव काढते. रोजच्या कामाला मी मशीनच नेतो. पण दोन्ही पक्षांनी स्वतःच्या हातांनी ओढावं आणि स्वतः मोजावं, असं दुसरं साधन माझ्याकडे नाही. आणि मूळ टिपणं मीटरमध्ये उतरवताना नुसता आकडा नीट वाचला नाही, तर पुढचं सगळं काम कितीही अचूक असो, भिंत चुकीच्या जागीच बसते. गुंठा म्हणजे एक आर असं सर्रास धरतात तेही मला खटकतं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो. एका गुंठ्यात कुणाला कळत नाही, पण चाळीस गुंठ्यांत जवळजवळ अर्धा गुंठा गायब होतो.

जबाबाच्या कागदावर पुतण्यानं "मोजणी मान्य नाही" असं लिहून सही केली. तो त्याचा हक्क आहे. त्यानं निमतान्याला, म्हणजे वरच्यांकडून फेरमोजणीला, अर्ज केला, वरचे अधिकारी येऊन मोजून गेले, रेघ तिथंच आली. भिंत अजून उभी आहे; तिचा दावा दिवाणी कोर्टात चालू आहे.