आपला तो बाब्या

बेसबॉलचे दोन चाहते, बॉस्टनचा रेड सॉक्सवाला आणि न्यूयॉर्कचा यँकीजवाला, जुलैच्या दुपारी समोरासमोर बसले की कालच्या सामन्यावर फार वेळ घालवत नाहीत. सामने काय, मोसमात १६२ असतात. आज हरलो, उद्या बघू. खरी जुंपते ती अजून मेजर लीगची, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेची, पायरीही न चढलेल्या पोरांवरून. "तुमचा तो शॉर्टस्टॉप? त्याला वळून येणारा कर्व्हबॉल दिसतो तरी का?" "आणि तुमचा तो डावखुरा? त्याचं कोपर जागेवर आहे ना?" शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावेच्या थांब्यांच्या, मधला क्षेत्ररक्षक; डावखुरा म्हणजे इथे पिचर, चेंडू फेकणारा. पोरं एकोणीस-वीस वर्षांची. दोघांनीही त्यांना पाहिलेलं असतं ते फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात. न्यूयॉर्कजवळचं एडिसन आणि बॉस्टन यांच्यात मराठी सोयरीकही आता बरीच आहे, तेव्हा हा वाद मराठीतूनही रंगतो आणि जरा जास्तच गोड होतो. एक जण दुसऱ्याला अदबीने "दाजी" म्हणतो आणि त्याच वाक्यात दाजींचा अख्खा फार्म निकालात काढतो.

फार्म म्हणजे मुख्य संघाच्या हाताखालची शिडी: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तिच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली नवशिक्यांची मैदानं. या शिडीवरच्या प्रत्येक पोराला स्काउट २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फलंदाजाचे पाच गुण तपासायचे: चेंडूवर बॅट नेमकी बसते का, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. धावेसाठी स्टॉपवॉच. उजव्या हाताच्या फलंदाजाने चेंडू मारल्यापासून पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट ४.३ सेकंदांत कापले तर ते ५०. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून त्याला ४.२ लागतात. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. पुढे चाहता येतो, आणि आपल्या पोराला सरसकट दहा वाढवून, दुसऱ्याच्या पोराचे दहा कापून टाकतो.

फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते: ताकदीपाशी. सरावात सत्तर गुणांची ताकद दाखवणारा पोरगा डोळ्यांचं पारणं फेडतो. पण बॅट चेंडूवर बसण्याचे गुण ३५ असतील, तर ती ताकद सामन्यात उतरणार कुठून? तरीही चाहते होम रनचा, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर भिरकावल्याचा, आकडा फडकावतात. अशा वेळी तो आकडा कुठे जमवला ते आधी विचारावं. फार्ममधल्या ॲल्बुकर्कीच्या संघाचं मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळतही नाही. रीनोच्या संघाचीही तीच कथा. मग वय विचारावं. हाय-एमध्ये चोवीस वर्षांच्या घोड्याने विशीच्या आतल्या पोरांची धुलाई केली, तर त्यात कौतुक कसलं? शेवटी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती आणि वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट पहिला बेस) किती ते बघावं. डबल-एला पोचल्यावर स्ट्राइकआउट एकदम वाढले असतील, तर पिचरांना त्याच्या फलंदाजीतली उणीव सापडलीय असं समजावं. एवढे तीन प्रश्न विचारले तर निम्मे वाद जागीच मिटतील. पण मिटवायचे कोणाला असतात?

उलट बाजूनेही घोटाळा होतो. १९९० साली बॉस्टनच्या डबल-ए संघात, न्यू ब्रिटनला, जेफ बॅगवेल नावाचा थर्ड बेसमन होता. सरासरी .३३३, म्हणजे दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका, पण होम रन अवघे चार. ताकद नाही, असा शिक्का बसला. शिवाय बॉस्टनकडे थर्ड बेसवर वेड बॉग्ज ठाण मांडून होता. ऑगस्ट अखेरीस त्यांना रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मागाहून येणारा पिचर, हवा होता, म्हणून बॅगवेल देऊन ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन आणला. अँडरसनने २२ इनिंग उत्तम टाकल्या, संघ प्लेऑफमध्ये गेला आणि ओकलंडकडून सरळ चार सामने हरला. बॅगवेलने पुढे ४४९ होम रन मारले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. न्यू ब्रिटनच्या त्या मैदानावर होम रन निघणंच मुश्किल होतं, हे तेव्हा हिशेबात कोणी फारसं धरलं नाही. यँकीजवाला हे नाव खिशातच ठेवून असतो. दंतकथाच झालेल्या बेब रूथचं तर त्याला काढावंही लागत नाही. डिसेंबर १९१९ मध्ये बॉस्टनच्या मालकाने रूथला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कला विकलं, आणि शंभर वर्षं उलटली तरी तो व्यवहार कालच झाल्यासारखा बोलला जातो.

यावर बॉस्टनवाल्याचं उत्तर: माइक ट्राउट. २००८ च्या डिसेंबरात यँकीजने एंजल्सचा मार्क टेक्सेरा फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळा झालेला खेळाडू, म्हणून घेतला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे भरपाई म्हणून ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला, यँकीजचा पहिल्या फेरीतला हक्क एंजल्सकडे गेला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्या पंचविसाव्या हक्कावर एंजल्सने न्यू जर्सीचा एक शाळकरी पोरगा उचलला, तोच पुढे तारा झालेला ट्राउट. "तुमच्या अंगणातला, तुमच्याच चिठ्ठीवर!" यँकीजवाला दोन क्षण गप्प बसतो आणि म्हणतो, "पण २००९ ची वर्ल्ड सिरीज कोणी जिंकली?" वर्ल्ड सिरीज म्हणजे मोसमाची अंतिम फेरी. ती यँकीजनेच जिंकली, आणि टेक्सेरा पहिल्या बेसवर होताच. इथे दोघेही बरोबर असतात.

कोकणात मोहोर बघून आंब्याच्या बागेचा सौदा ठरतो. पुढे धुकं, तुडतुडे, अवकाळी, सगळी जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर. प्रॉस्पेक्टचा, म्हणजे अशा होतकरू पोराचा, व्यवहार हा असाच आहे. फरक इतकाच की इथे विकणाऱ्याला आपला मोहोर विकवत नाही. म्हणून चाहता सुचवतो ते सौदे वाचण्यासारखे असतात. आमचे तीन ठीकठाक घ्या, तुमचा एक तारा द्या. हे का होत नाही, याचं कारण अगदी कारकुनी आहे. संघाच्या यादीत ४० जागा असतात. त्यातले २६ प्रत्यक्ष खेळणारे. ठीकठाक तिघांना यादीत घ्यायचं तर समोरच्याला दोन जागा रिकाम्या कराव्या लागतात, म्हणजे आपलेच दोन सोडून द्यायचे. आणि ४५ चे तिघे मिळून ७० चा एक होत नाही. मैदानावर शॉर्टस्टॉपच्या जागी एकच माणूस उभा राहतो.

याच चाळीस जणांच्या यादीपायी नोव्हेंबरमध्ये दुसरा तमाशा होतो. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी घेतलेला पोरगा पाच मोसमांत, आणि त्याहून मोठा असताना घेतलेला चार मोसमांत यादीत आला नाही, तर रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट अशी की नेणाऱ्याने त्याला पूर्ण मोसम मेजर लीगच्या संघात ठेवायचं. नाही जमलं तर आधी इतर संघांना विचारायचं आणि मग अर्ध्या किमतीत मूळ मालकाला परत देऊ करायचं. बहुतेक जण परत येतात. पण १९५४ साली पिट्सबर्गने असाच डॉजर्सच्या माँट्रियलच्या संघातून एक पोरगा उचलला होता, पुढे मोठा तारा ठरलेला रॉबर्टो क्लेमेंटे. त्यामुळे दर नोव्हेंबरला, कोणातरी किरकोळ रिलीव्हरला यादीत न घेतल्याबद्दल, फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे संघाच्या व्यवस्थापनाच्या, नावाने बोटं मोडली जातात.

पिचरांबद्दल तर बोलूच नये. जुन्या चाहत्यांचं मत असं की पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट ताशी शंभर मैलांच्या फास्टबॉलसाठी घडवलेला नाही. तो तुटतो. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडचा टेंडन बसवला तेव्हापासून तो दुरुस्त होतो, पण त्यात बारा ते अठरा महिने जातात. आणि कधी तर कोपरापर्यंतही जावं लागत नाही. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये यँकीजने पहिलाच हक्क वापरून ब्रायन टेलर घेतला, साडेपंधरा लाख डॉलर मोजून. १९९३ च्या डिसेंबरात भावासाठी भांडणात पडला, खांदा गेला. मेजर लीगमध्ये एक चेंडू टाकला नाही.

मला या सगळ्यात एकाच गोष्टीची चीड आहे. चाहत्याने मालकाची वही सांभाळणं. खेळाडू मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत संघाच्या ताब्यात असतो, आणि एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सराव मोसमात नऊ होम रन ठोकले. कब्ज म्हणाले, अजून थर्ड बेसवरचं क्षेत्ररक्षण सुधारायचंय, आणि त्याला खाली पाठवलं. १७ एप्रिलला वर आणलं. मोसमाअखेर त्याचे भरले १७१ दिवस. एका दिवसाने कब्जला त्याचं आणखी एक वर्ष मिळालं. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, दुसऱ्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२२ च्या करारानंतर नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाचं श्रेय मिळतं, तेव्हा आता ही चलाखी थोडी महाग झाली आहे. पण तेव्हा किती चाहते खूश होते! "बरोबर केलं, वर्ष वाचलं!" अरे, कोणाचं वाचलं? तिकीट तर तेवढ्यालाच घेतलंस ना?

फ्रंट ऑफिसवर संताप कसा येतो, हे मुंबईकरांना सांगायला नको. २०२४ मध्ये हार्दिक पांड्या कर्णधार होऊन वानखेडेवर उतरला तेव्हा सौदा करणारे कोणी दिसत नव्हते, म्हणून हुर्यो त्याची उडाली. बॉस्टनवाल्याची अशी जखम म्हणजे मूकी बेट्स. २०१८ चा एमव्हीपी, त्याच वर्षीचा विजेता, आणि फार्ममधून वर आलेला घरचा पोरगा. फेब्रुवारी २०२० मध्ये, कराराचं एक वर्ष उरलेलं असताना, त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सला दिलं. एकूण पगार ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लागणाऱ्या लक्झरी टॅक्सच्या रेषेखाली यायचं होतं, म्हणून सोबत महागडा डेव्हिड प्राइसही गळ्यात बांधला आणि त्याचा निम्मा पगार आपणच भरला. बदल्यात आले ॲलेक्स व्हर्डुगो, कॉनर वाँग आणि जीटर डाउन्स. या डाउन्सचं नाव घरच्यांनी ठेवलं होतं डेरेक जीटरवरून, म्हणजे यँकीजच्या कप्तानावरून! बेट्स देऊन काय मिळवलं, तर शत्रूच्या नावाचा पोरगा. यावर यँकीजवाला अजून हसतो. त्यातून डाउन्सचा पहिला हिट निघाला तो यँकीजविरुद्धच. मग २०२२ च्या डिसेंबरात त्याला सोडलं, वॉशिंग्टनने उचललं.

बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा, ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. व्हर्डुगोला बॉस्टनने २०२३ च्या डिसेंबरात दिलं कोणाला, तर यँकीजला. इथे यँकीजवाल्याचं हसू थांबतं. कारण ३० ऑक्टोबर २०२४ ला, यँकी स्टेडियमवर, वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात डॉजर्स ७-६ ने पुढे असताना, शेवटचा आउट व्हर्डुगोच झाला. वॉकर ब्यूलरने त्याला स्ट्राइकआउट केलं. मैदानावर उड्या मारणाऱ्यांत बेट्स होता. आता बॉस्टनवाला हसणार, तोच बॉस्टनने त्या ब्यूलरला एका वर्षासाठी २.१ कोटी डॉलर देऊन आणलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सोडूनही दिलं. हिशेब कुठे बंद करायचा? दाजी म्हणतात बेट्सपाशी. मेहुणे म्हणतात ब्यूलरपाशी. वाँग बिचारा कॅचर म्हणून टिकला, त्याच्यावरून कोणी भांडत नाही.

जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तिकडे संध्याकाळी सहा, आपल्याकडे पहाटे साडेतीन. २०१६ च्या जुलैत यँकीजने अरोल्डिस चॅपमन कब्जला दिला. कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डिसेंबरात चॅपमन नवा करार करून यँकीजकडे परत. मधल्या काळासाठी न्यूयॉर्कला चौघे मिळाले. ग्लेबर टोरेस यँकीजकडून दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला, त्याच्यावरून अजून वाद होतो. ॲडम वॉरन आणि बिली मॅकिनी यांची नावं निदान आठवतात. चौथा होता रशाद क्रॉफर्ड. तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. त्या वर्षांत नवशिक्यांच्या मैदानावर खेळणाऱ्याला मोसमाचे पाच हजार डॉलरही मिळत नव्हते. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंनी पहिला सामूहिक करार केला तेव्हा ट्रिपल-एचा किमान पगार १७,५०० वरून ३५,८०० झाला. आणि आपण म्हणतो, "चौथा कोणीतरी टाका त्यात."